यावेळी अकराव्या मजल्यावर कोंडणार नाही

बंगळूर,
भाऊबीजेनंतरचा रविवार

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणेल. फोनवर मी तिकिटाचा विषय काढला की बाबा "बघू" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात, म्हणून. पत्राचं तसं करता येत नाही.

हे "बघू" कुठून येतं ते मला ठाऊक आहे. लेकीच्या घरी किती दिवस राहायचं, हे तोंडदेखलं कारण. खरं कारण मागची खेप. आम्ही दोघं सकाळी नऊला बाहेर पडायचो ते रात्री आठाला उगवायचो. बाबा अकराव्या मजल्याच्या बाल्कनीतून गाड्या मोजायचे, आणि आई, तू माझे सगळे डबे घासून असे लख्ख केलेस की मला लाज वाटली. बरं, रविवारी मी तुम्हाला नेलं कुठे, तर मॉलमध्ये. पाऊण तास नंबर लागेना, लागला तेव्हा पनीर गार. बाबांनी बिलाची चिठ्ठी घडी करून खिशात घातली. ती मिरजेत कोणाकोणाला दाखवलीत तेही मला मावशीकडून कळलंय.

तर यंदा मी अभ्यास केलाय. गणपतीपासून दर शनिवारी सकाळी उठून एकेक ठिकाण पाहून येते, आणि जाताना बाबांचा गुडघा बरोबर घेऊन जाते. म्हणजे पायऱ्या किती, टेकायला काय, उभं किती राहावं लागतं, बाथरूम कुठे. तिथले पदार्थ त्यानंतर.

सुरुवात बसवनगुडीपासून. हा जुना भाग. १८९८ च्या प्लेगनंतर गावाबाहेर मोकळी घरं हवीत म्हणून वसवला, तसाच तिकडे उत्तरेला मल्लेश्वरम. इथल्या गांधी बाजारात 'विद्यार्थी भवन' नावाचं डोशाचं हॉटेल आहे, १९४३ पासून. नावाप्रमाणे शाळा-कॉलेजच्या पोरांसाठी काढलेलं. दार लहान, आत बाकं जवळजवळ, भिंतीवर कन्नड लेखकांची चित्रं. शुक्रवारी बंद. मी पहिल्यांदा नेमकी शुक्रवारी गेले होते, ते सोडा.

मसाला डोसा आपल्याकडच्या लोणी स्पंज डोशासारखा मऊ नाही. बाहेरून विटकरी, करकरीत, तुपाने चकाकणारा, आत मात्र जाड आणि लुसलुशीत. चटणी पातळ. बाबा पहिल्या घासाला "ही चटणी की ताक?" म्हणणार, दुसऱ्या घासाला म्हणणार नाहीत. पण मला तुम्हाला दाखवायचाय तो वाढपी. पांढरा पंचा नेसलेला, आणि डाव्या हातावर मनगटापासून खांद्यापर्यंत डोशांच्या बशा एकावर एक तिरक्या रचलेल्या, डझनभर तरी. त्या गर्दीतून तो सरळ चालत येतो, हात जराही न हलवता उजव्या हाताने वरची बशी काढून टेबलावर ठेवतो, आणि ओझं एका बाजूने कमी झालं की खांदा किंचित झुकवून उरलेलं सावरतो. मी डोसा गार होईस्तोवर तो खांदाच बघत होते. आई, तू चार ताटं घेऊन स्वयंपाकघरातून यायचीस तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत, हेही आठवलं.

बाहेर पडलं की फुलांचा बाजार. इथं गजरा आपल्यासारखा नगावर मिळत नाही. माळ 'मोळा'वर विकतात, मोळ म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा हात. हात अर्थातच विकणारीचा. त्यामुळे मी आठवडाभर बायकांचे हात निरखले आणि तुझ्यासाठी एक लांब हाताची बाई हेरून ठेवलीय. अबोलीला इथं 'कनकांबर' म्हणतात. मोगऱ्यात ओवून देते. भाव करताना तू मराठीतच बोल, तिला कळतं. न कळण्यातच तिचा फायदा असला तर गोष्ट वेगळी.

आता कॉफी. तिथून जवळच शंकरपुरममध्ये 'ब्राह्मिन्स कॉफी बार', १९६५ चा. बाबा, नावावर जाऊन भाषण सुरू करू नका, आधी खा. इडली, वडा, खारा भात, केसरी भात, कॉफी-चहा, बस. सांबार नाही. मागितलं तर मिळणारच नाही, कारण ते करतच नाहीत. चटणी मात्र पुन्हा पुन्हा. माणसं इडलीच्या बशीत चटणीचं तळं करून त्यात वडा बुडवतात. खारा भात म्हणजे आपला तिखट उपमा आणि केसरी भात म्हणजे शिरा. एकाच बशीत दोन्ही घेतले की त्याला 'चाऊ चाऊ भात' म्हणतात. आईला हे नाव फार आवडेल.

अडचण एकच, तिथं उभ्याने खायचं. इथली बरीचशी स्वस्त आणि चांगली हॉटेलं तशीच. 'दर्शिनी' म्हणतात त्यांना, पैसे भरून कुपन घ्यायचं, काउंटरवर द्यायचं, उंच टेबलाशी उभं राहायचं. म्हणून मी घडीचं स्टूल आणलंय. हसू नका. गेल्या शनिवारी ते घेऊन चाचणीला गेले. उघडून बाजूला ठेवलं, बशी आणायला वळले, परत येते तर त्यावर एक आजोबा बसलेले, बशी मांडीवर, डोळे मिटलेले. मी काहीच बोलले नाही. खाऊन झाल्यावर ते उठले, स्टुलावर हात फिरवला आणि कन्नडमध्ये म्हणाले, "कितीला मिळालं?" तेव्हा बाबांना इथं सोबत मिळेल याची मला खात्री पटली.

कॉफी पाहायलाही उभं राहावं अशी. पेल्यांची रांग लावून आधी प्रत्येकात थोडासा काळाकुट्ट डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, मग उकळतं दूध उंचावरून, शेवटी फेस. बाबा, तुम्ही चहावाले. पण इथं 'बाय-टू' म्हटलं की एका कॉफीचे दोन अर्धे पेले करून देतात. तुम्ही आणि आई अर्धी अर्धी घ्या. आई उरलेली अर्धी मागेल, हे मी आत्ताच सांगून ठेवते. तिला कॉफी आवडते. तुमच्यासमोर चाळीस वर्षं चहा पितेय, एवढंच.

लालबाग तुम्ही मागच्या वेळी गाडीतून पाहिलीत, म्हणजे भिंत पाहिलीत. हैदर अलीने १७६० च्या सुमाराला सुरू केलेली बाग, आज २४० एकर. काचघर १८८९ चं. पण मला तिथला खडक जास्त आवडतो. मोठा उघडा काळा कातळ, सुमारे तीनशे कोटी वर्षांचा. त्यावर बंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडाचा छोटा बुरूज आहे. चढ अगदी सावकाश, बाबांना जमेल; नाही जमला तर खाली झाडाखाली बाकं आहेत. पहाटे सगळं गाव तिथं फिरायला येतं, आणि निवृत्त माणसांचे घोळके राजकारणावर इतक्या जोराने बोलतात की कन्नड न येणाऱ्यालाही कोणाचं सरकार पडतंय ते कळावं.

लालबागेतून निघून 'एमटीआर'. आई, तुझ्या गुलाबजामच्या पाकिटावर आहे तेच. मावळ्ळी टिफिन रूम्स, १९२४ साली सुरू झालेलं. (बाबा, मावळ्ळी हा भाग आहे, मावळ्यांशी संबंध नाही.) दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना तेव्हा यांनी रव्याची इडली करून पाहिली, ती तिथली रवा इडली. आणि आणीबाणीत खाण्याचे दर सक्तीने इतके उतरवायला लावले की हॉटेल चालेना, तेव्हा तयार पिठांच्या, मसाल्यांच्या पाकिटांवर भर दिला. म्हणजे तू ज्या पाकिटावर दिवाळी उरकतेस त्यात थोडी आणीबाणी आहे. आपण रविवारी जाऊ. त्या दिवशी तिथं 'चंद्रहार' नावाचं गोड मिळतं, कुरकुरीत तळलेली घडी आणि वर खव्याचा दाट रस. बाबांनी लग्नात कबूल केलेला चंद्रहार काही झाला नाही, निदान हा तरी घे. गर्दी असली तर जिना चढून वर बसवतात. तेवढ्या पायऱ्या बाबांच्या गुडघ्याला सांगून ठेवा.

मल्लेश्वरमला मेट्रोने जायचं. तिथं आधी देऊळ, मग डोसा, कारण डोशानंतर बाबा देवळात येत नाहीत. देऊळ काडु मल्लेश्वराचं, म्हणजे रानातल्या मल्लेश्वराचं. ते शहाजीराजांचे चिरंजीव व्यंकोजीराजे यांच्याशी जोडलेलं, १६६९ चा शिलालेख आहे. बाबा, शहाजीराजांची जहागीर बंगळूरला होती हे तुम्ही आम्हाला जेवताना दहा वेळा सांगितलंत; मग त्या गावात सोळा दिवस राहून तुम्ही फक्त माझी बाल्कनी पाहावी, हे मलाच बरं वाटत नाही. समोर नंदीतीर्थ आहे, नंदीच्या तोंडातून पाण्याची धार खालच्या पिंडीवर पडते. खाली कुंड, कडेला दगडी पायऱ्या. दुपारीसुद्धा गार. आई तिथं तासभर बसेल, मी वर्तमानपत्र आणीन. मग 'सीटीआर', म्हणजे सेंट्रल टिफिन रूम. पाटी 'श्री सागर' अशी आहे, पण रिक्षावाल्याला सीटीआरच सांगायचं. तिथला बेण्णे डोसा, बेण्णे म्हणजे लोणी. विद्यार्थी भवनचा चांगला की सीटीआरचा, यावरून इथली माणसं भांडतात. माझं मत सीटीआर. आमच्याकडे जावई विरुद्ध पक्षात आहेत. तुम्ही दोघं आलात की निकाल लागेल.

कब्बन पार्क आणि चर्च स्ट्रीट एका सकाळी उरकू. चर्च स्ट्रीटवर जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, तिथून बाबांना ओढून काढायचं काम माझं. पलीकडे इंडियन कॉफी हाऊस. ते कामगारांच्या सहकारी संस्थेचं. सांगली जिल्ह्यातल्या माणसाला 'सहकारी' म्हटलं की आत पाऊल टाकावंच लागतं. तुरेवाली पगडी घातलेले वाढपी, साधी टेबलं, आणि उठा म्हणून कोणी डोक्यावर उभं राहत नाही. बंगळूरला बीअरचं गावही म्हणतात. त्याबद्दल जावई आणि बाबा यांनी परस्पर काय ते ठरवावं. मी लिहिलेलं नाही, आईने वाचलेलं नाही.

आता तारखेचं. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत 'कडलेकाई परिशे' भरते, शेंगांची जत्रा. तिथं एकाच दगडातला मोठा नंदी आहे. गोष्ट अशी सांगतात की एक बैल रोज येऊन शेंगांची पिकं खायचा, शेतकरी वैतागले, मग त्यांनी नंदीला पहिल्या शेंगा वाहण्याचा नवस केला. अजून वाहतात. देवळापासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेंगांचे ढीग. कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या. बाबा, तुम्ही शेंग कानाशी हलवून दाणा भरलाय की नाही ते सांगता, ते तिथं सांगा. त्याच संध्याकाळी व्ही. व्ही. पुरमच्या खाऊगल्लीत जाऊ. तिथं गरम होळिगे मिळते, म्हणजे पुरणपोळीच, पण पुरण बऱ्याचदा तुरीच्या डाळीचं, आणि नारळाचीही करतात. आई एक घास खाऊन "वेलदोडा कमी" म्हणेल. म्हणू दे.

म्हणजे त्या सोमवारच्या आधीच्या बुधवारी निघा. राणी चन्नम्माचं तिकीट मी काढते, दोन्ही खालचे बर्थ. गाडी मिरजेहून दुपारी निघते, सकाळी इथं. मी आठवड्याची रजा टाकलीय, मंजूर झालीय, आता मागे घेता येत नाही. हे शेवटचं खोटं आहे, पण ते तुम्ही खरं धरा.

येताना भडंग आणा, आणि आईने डबे घासायचे नाहीत.

तुमची,
बेबी

ता. क. बाबांना कन्नड येतं ते हुबळी-धारवाडकडचं, प्रत्येक वाक्याला 'री' लावणारं. इथं ते बोललात की समोरचा हसून "हुबळी का?" विचारणार. "मिरज" म्हणून सांगा. परवा मी चुकून एकदा 'री' लावलं, तर काउंटरवरच्या माणसाने चटणी जास्त वाढली.