आपल्या शाळेचा तिसरा मजला परत उघडायचाय, हातभार लावा

नमस्कार मंडळी, जुन्या बॅचेसचे सगळे, आणि ज्यांची मुलं आत्ता शाळेत आहेत ते पालक पण, माजी विद्यार्थी मंडळाकडून हे लिहितोय. जरा मोठं झालंय पण पूर्ण वाचा ही विनंती.

मागच्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये स्लॅबचा तुकडा पडला. रविवार होता म्हणून कोणाला लागलं नाही. मी सोमवारी जाऊन बघितला, चांगला ताटाएवढा, आणि वर जिथून निखळला तिथे सळ्या उघड्या पडलेल्या, बोट लावलं की गंजाचे पापुद्रे हातात येत होते. बरोबर त्याच्या खाली दहावी ब चा दरवाजा आहे. आता तिकडे लोखंडी टेकू लावलेत, जिन्याला साखळी घातलीय, आणि आठवी ते दहावीचे वर्ग खाली हॉलमध्ये नि लायब्ररीत भरतात, मध्ये नुसतं प्लायवूडचं पार्टिशन. एकीकडे टीचर भूमितीचं प्रमेय समजावतायत आणि पलीकडून हिंदीची कविता चालू, मुलं दोन्ही ऐकतात. दहावीच्या मुलांचं तर बोर्डाचं वर्ष आहे.

मुंबईत ३० वर्षांपेक्षा जुन्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं, आपलं झालं आणि सी-२ए आलं. सी-१ आलं असतं तर पाडण्याशिवाय इलाज नव्हता. सी-२ए म्हणजे धोक्याचा भाग रिकामा करा आणि मोठी दुरुस्ती लगेच करून घ्या, म्हणजेच आपली शाळा अजून वाचण्यासारखी आहे, पण असेच दोन-तीन पावसाळे गेले तर पुढच्या ऑडिटला काय येईल ते इंजिनियरने स्पष्ट सांगितलंय. कॉलम-बीमचं जॅकेटिंग (बाहेरून नवीन काँक्रीटचा थर देऊन मजबुती), तिसऱ्या मजल्याचा स्लॅब नवीन, गच्चीचं वॉटरप्रूफिंग (सगळ्या दुखण्याचं मूळ तिथेच आहे, पाणी वर्षानुवर्षं मुरत राहिलं) आणि मुलींच्या टॉयलेटच्या पाइपलाइनी, असं सगळं धरून ९० लाखांच्या आसपास एस्टिमेट आलंय. आतापर्यंत त्यातले २६ लाख जमलेत.

प्रत्येक मीटिंगला कोणीतरी विचारतंच की चर्चची शाळा आहे, चर्चकडे पैसा असेल ना, बाहेरून येत असेल ना. नाही येत. आपली शाळा अनुदानित आहे, सरकार मंजूर पदांवरच्या शिक्षकांचे पगार देतं आणि त्याच जोरावर शाळा आजवर चालली, पण बिल्डिंग मॅनेजमेंटनेच सांभाळायची असते आणि अनुदानित शाळेला मनाला येईल ती फी लावता येत नाही. आणि पॅरिशचं, म्हणजे चर्चच्या आसपासच्या ख्रिश्चन वस्तीचं म्हणाल तर म्हातारपाखाडी, घोडपदेव, डॉकयार्ड रोडची कितीतरी कुटुंबं कधीच वसई-विरारला नाहीतर मीरा रोडला गेली, रविवारच्या मासला (चर्चमधल्या प्रार्थनेला) जे येतात त्यात म्हाताऱ्या माणसांचीच संख्या जास्त. त्यांनी पण दिलेत, पेन्शनमधून दिलेत.

मी का एवढा मागे लागलोय ते सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी पाचवीत होतो. वडील गिरणीच्या साचेखात्यात, मागावर. पहिले दोन-तीन महिने सगळे म्हणत होते मिटेल, मिटेल, मग वर्गातली पोरं एकेक करून कमी व्हायला लागली, कोणी मालवणला गेलं, कोणी साताऱ्याला, बेंचवर माझ्या बाजूला बसायचा तो गणपतीला गावी गेला तो परत आलाच नाही. घरी आई खानावळीच्या पोळ्या लाटायची. फी भरायला काहीच नव्हतं, आणि मी रोज वर्गात नाव पुकारतील म्हणून खाली मान घालून बसायचो. नाव कधी पुकारलंच नाही. पुढचं, सहावीचं वर्ष संपलं तेव्हा आईने शाळेचं कॅलेंडर उघडलं (आपल्याकडे डायरीला कॅलेंडरच म्हणायचे ना), तर मागच्या फीच्या पानावर जूनपासून प्रत्येक महिन्याच्या चौकोनात निळा शिक्का. तिने एक रुपया भरला नव्हता. ते पैसे कोणी भरले, फादरनी, कुठल्या टीचरनी, का अजून कोणी, हे आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही. आई जाईपर्यंत ते कॅलेंडर कपाटात साड्यांच्या खाली ठेवलेलं होतं, आता माझ्याकडे आहे.

असे निळे शिक्के आपल्यातल्या किती जणांच्या कॅलेंडरवर असतील. गिरणीवाल्यांची पोरं, मदनपुऱ्याची, गोदीतल्या कामगारांची, गोव्याहून बोटीवर गेलेल्यांची, सगळी एकाच बेंचवर. सकाळी अवर फादर सगळेच म्हणायचो, नंतर कॅथलिक मुलं कॅटेकिझमला (धर्मशिक्षणाला) जायची आणि बाकीचे मॉरल सायन्सला, आणि मोठ्या सुट्टीत डबे परत एकत्र. दहावीच्या पेपरच्या दिवशी ग्रोटोपाशी (मूर्ती ठेवलेल्या गुहेपाशी) कुंकू लावलेल्या आया आणि बुरखा घातलेल्या आया एकाच रांगेत मेणबत्ती लावायला उभ्या असायच्या. हे अजूनही तसंच चालू आहे, मार्चमध्ये जाऊन बघा.

आता शाळेत कोण येतं तर घरकाम करणाऱ्या बायकांची मुलं, टॅक्सी-डिलिव्हरीवाल्यांची, वॉचमनची. चाळी पडल्या, टॉवर आले, टॉवरमधली मुलं दुसऱ्या बोर्डाच्या शाळांत जातात. खुद्द मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ला ३३ लाख ३८ हजार होती ती २०११ ला ३० लाख ८५ हजारावर आली, तिथूनच समजा मराठी-इंग्रजी सगळ्याच जुन्या शाळांचे पट का घसरले ते. आणि पट घसरला की संच मान्यतेत (मुलांच्या संख्येवरून सरकार शिक्षकांची पदं ठरवतं त्यात) पदं कमी होतात, टीचर अतिरिक्त ठरून दुसऱ्या शाळेत जातात, मग पालक म्हणतात इथे गणिताला टीचरच नाही आणि मूल काढून घेतात, की पट अजून खाली. त्यात तिसरा मजला बंद दिसला की नवीन ॲडमिशनला आलेले पालक गेटवरूनच परत फिरतात, हे मी स्वतः जूनमध्ये उभं राहून पाहिलंय. म्हणून बिल्डिंग आधी.

काही जणांनी मनापासून सुचवलं की अनुदान सोडा, बोर्ड बदला, फी वाढवा, पैशाचा प्रश्न सुटेल. पैशाचा सुटेल, पण आज जी मुलं त्या हॉलमध्ये पार्टिशनच्या अलीकडे-पलीकडे बसलीयत त्यातलं एकही मूल मग तिथे राहू शकणार नाही. मंडळाला हे मान्य नाही आणि मॅनेजमेंटलाही नाही. शाळा एसएससीची, अनुदानित आणि परवडणारीच राहिली पाहिजे, आपण जमवतोय ते त्यासाठीच.

मदत कशी करायची ते नीट वाचा. पैसे फक्त शाळेच्या ट्रस्टच्या नावाने, चेक किंवा बँक ट्रान्सफर, खात्याची माहिती शाळेच्या ऑफिसातून घ्या, शनिवारी पण १ वाजेपर्यंत उघडं असतं. कोणी व्हॉट्सॲपवर स्वतःचा नंबर देऊन जीपे करा म्हणालं तर अजिबात करू नका, मंडळातल्या कोणाच्याही पर्सनल खात्यात एक रुपया घेतला जात नाही. इन्कम टॅक्सच्या ८०जी ची पावती मिळते, देणगीच्या ५० टक्के रकमेवर सवलत, पण ती जुन्या टॅक्स पद्धतीत असाल तरच, आणि २,००० रुपयांच्या वर कॅश दिलीत तर सवलत नाही, म्हणून चेकच बरा.

दुबई-कुवेत-मस्कतवाल्यांनो, तुमचा पासपोर्ट भारतीय असेल तर तुम्ही तुमच्या कमाईतून बँकेमार्फत बिनधास्त देऊ शकता, ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण कॅनडा, ऑस्ट्रेलिया, यूकेचं नागरिकत्व घेतलेले आपले बरेच मित्र आहेत, ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी तुमचे पैसे एफसीआरएमध्ये, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात येतात आणि ते फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मेन ब्रँचमधल्या खात्यातच घ्यावे लागतात. ते खातं आपल्या ट्रस्टकडे अजून नाही. तुम्ही कृपया थेट पाठवू नका, शाळा अडचणीत येईल. त्यापेक्षा इथल्या बॅचमेट्सना फोन करून मागे लागा, तीच खूप मोठी मदत. आणि कोणी मोठ्या कंपनीत सीएसआर (कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायचा पैसा) बघत असेल तर सांगा, शिक्षण त्या यादीत बसतं, कागद आम्ही तयार करून देऊ.

रक्कम किती हे विचारू नका. एका जुन्या शिपाईमामांच्या मुलीने महिना ५०० रुपये सुरू केलेत, तिचं नाव देणगीदारांच्या यादीत पहिल्या पानावर आहे. महिन्याचे ५०० देणारे पुष्कळ मिळाले तर ते आम्हाला एकदाच मोठी रक्कम देऊन मोकळं होणाऱ्यांपेक्षा जास्त उपयोगाचे आहेत, कारण कॉन्ट्रॅक्टरला टप्प्याटप्प्याने द्यायचेत. ज्यांना पैसे जमत नाहीत त्यांनी संध्याकाळी येऊन दहावीचं गणित घ्या, कोणी सिव्हिल इंजिनियर असेल तर कामावर लक्ष ठेवायला या. प्रत्येक बिल, प्रत्येक पावती ऑफिसबाहेरच्या बोर्डावर लावली जाईल, कोणीही येऊन बघा.

येत्या रविवारी सकाळच्या मासनंतर १० वाजता शाळेच्या हॉलमध्ये मीटिंग आहे, मासला आलात नाही आलात तरी मीटिंगला या, बॅचमधला निदान एक जण तरी. प्लायवूड बाजूला करून जागा केलीय. पुढच्या गेटनेच या, मागचा जिना बंद आहे.