वाहती नडगी आणि बदलत्या गोळ्या

संपादक महोदय,

आपल्या दैनिकातल्या दुचाकी अपघातांच्या बातम्या बहुधा ‘दोघे गंभीर जखमी’ या शब्दांवर संपतात. त्या दोघांपैकी एखादा दीड-दोन वर्षांनी नडगीला रुमाल गुंडाळून आमच्यासारख्यांकडे येतो. हातातल्या पिशवीत एक्स-रेची चळत असते आणि तक्रार एकाच वाक्याची असते, ‘हाड जुळलंय म्हणतात, पण जखम वाहते.’ अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून तीस वर्षे अशा पिशव्या उघडल्यावर त्याविषयी जाहीरपणे लिहावे असे वाटले, म्हणून हे पत्र.

रुमाल सोडला की जुन्या टाक्यांच्या व्रणालगत मसुराएवढे छिद्र दिसते. ते काही दिवस बुजते, मग पाय ठणकतो, ताप येतो, छिद्र पुन्हा फुटून पू वाहू लागतो आणि रुग्णाला हायसे वाटते. कधी त्यातून तांदळाच्या कणीएवढी हाडाची कपची बाहेर पडते. एका वयस्कर शेतकऱ्याने अशा अकरा कपच्या काड्यापेटीत जपून ठेवल्या होत्या. त्याने ती पेटी माझ्या टेबलावर उपडी केली, तेव्हा हाडातल्या जुनाट जंतुसंसर्गाच्या निदानासाठी आणखी काही विचारायची फारशी गरज उरली नाही.

नडगीच्या हाडावर आतल्या-पुढच्या अंगाला मांस नसते, नुसती कातडी असते. त्यामुळे ते मोडताना सहज बाहेर येते, जखमेत माती जाते आणि रक्तपुरवठा तुटलेले तुकडे आतल्या आत मरतात. मेलेल्या हाडात रक्त जात नाही, म्हणून रक्तातून येणारे औषधही तिथे पुरेसे पोहोचत नाही. शिवाय जंतू त्या हाडावर आणि रॉड-प्लेटवर बुळबुळीत थर बांधून त्याच्या आडोशाने राहतात. विहिरीत मेलेले जनावर तसेच ठेवून वरून पाण्यात औषध टाकत राहावे, तसा नुसत्या गोळ्यांचा उपचार असतो.

तरीही सर्रास घडते ते असे, की छिद्राच्या तोंडावरचा पू कापसाच्या काडीवर टिपून तपासायला जातो आणि अहवालात ज्या जंतूचे नाव येईल त्यानुसार गोळी बदलली जाते. या तोंडाशी त्वचेवरचे जंतू येऊन वसतात आणि आतल्या हाडातले जंतू पुष्कळदा निराळेच असतात, हे १९७८ सालीच प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले होते. सुरुवातीच्या वर्षांत मीही अशा अहवालांवर विसंबून औषधे लिहिली आहेत. हे लिहिताना संकोच वाटतो, पण ते खरे आहे.

रुग्णाला ताप नसेल आणि प्रकृती ठीक असेल, तर शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे दोन आठवडे प्रतिजैविके डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद ठेवावीत आणि शस्त्रक्रियेतच खोलवरच्या पाच-सहा जागांहून, दर वेळी वेगळ्या हत्याराने, नमुने घ्यावेत. त्यांतला एक सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी आणि एक क्षयाच्या तपासणीसाठी जावा, कारण आपल्या देशात हाडाचा क्षय विसरून चालत नाही. मग मेलेले हाड तासायचे, तेही तासलेल्या जागी तिखट भुरभुरल्यासारखे रक्ताचे बारीक ठिपके उमटेपर्यंत. हात आखडता घेतला तर सारे मुसळ केरात जाते. उरलेल्या पोकळीत प्रतिजैविक मिसळलेल्या, हाडासाठीच्या खास सिमेंटचे मणी ठेवतात आणि कातडी पुरत नसेल तर प्लास्टिक सर्जन शेजारचे मांस फिरवून जागा झाकतो.

हाडात अंतर पडले असेल तर रशियातले शल्यचिकित्सक इलिझारोव्ह यांच्या पद्धतीने ते भरता येते. पायाभोवती रिंगा लावून, निरोगी भागात हाड कापून, तो तुकडा दिवसाला एक मिलिमीटर, म्हणजे चार वेळा पाव-पाव मिलिमीटर, पुढे सरकवायचा. रिंगांवरचे नट फिरवून तुकडा सरकवण्याचे हे काम घरीच होते. एका रुग्णाची पत्नी प्रत्येक फेरीची खूण कालनिर्णयाच्या त्या-त्या तारखेच्या चौकटीत करत असे आणि तपासणीला येताना ती पाने घेऊन येई. इतकी चोख नोंद आमच्या वॉर्डातही क्वचितच सापडते. सहा सेंटिमीटर अंतराला साठ दिवस लागतात आणि ते नवे हाड पक्के व्हायला पुढे कित्येक महिने. त्या काळात रिंगा लावलेला तरुण खाटेवर बसून तळहातावर तंबाखू मळताना दिसला, की मला राग आवरत नाही, कारण तंबाखूने हाड जुळणे लांबते.

शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे शिरेतून इंजेक्शने घेतलीच पाहिजेत, हा समजही आता सोडायला हवा. ब्रिटनमधल्या १०५४ रुग्णांच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हाडा-सांध्यांच्या जंतुसंसर्गात पहिल्या सहा आठवड्यांसाठी योग्य निवडीच्या तोंडी औषधांचा परिणाम इंजेक्शनांपेक्षा कमी ठरला नाही. मजुरी बुडवून वॉर्डात पडून राहणाऱ्याला हा फरक लहान नाही. मात्र वर्षानुवर्षे वाहणाऱ्या जखमेत एकाएकी दुर्गंधी, रक्तस्राव किंवा फुलकोबीसारखी वाढ दिसली, तर तिचा तुकडा तपासलाच पाहिजे. अशा जुन्या छिद्रांत कर्करोग होऊ शकतो.

या उपचाराला अस्थिरोगतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ असे तिघे लागतात आणि आज रुग्ण आपली पिशवी घेऊन तिघांची दारे वेगवेगळी ठोठावतो. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आठवड्यातला एक दिवस या तिघांनी एकत्र बसून असे रुग्ण पाहावेत, आणि उघड्या अस्थिभंगाच्या, म्हणजे मोडलेल्या हाडापर्यंत जखम गेलेल्या, प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर जखम किती तासांनी धुतली व पहिले प्रतिजैविक केव्हा दिले, हे लिहिणे बंधनकारक करावे, अशी आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या दोन्ही खात्यांना आपल्या दैनिकाद्वारे विनंती आहे.

आपला,
एक अस्थिरोगतज्ज्ञ, सोलापूर