खुंटी बदलली की

नौपाडा, ठाणे

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

"चालणं सुटलं, मी आळशी झालेय" म्हणालीस. आळस नव्हे गं. इथे तुझं चालणं ठाणे स्टेशनच्या खुंटीला टांगलेलं होतं, जाता-येता आपोआप व्हायचं. आता घणसोलीच्या नव्या घरी कंपनीची बस दारात येते. खुंटीच गेली, तर पिशवी खाली पडणारच.

पण वाईट सवयींच्याही खुंट्या आत्ता सैल आहेत. मानसशास्त्रज्ञ बास फरप्लांकन यांच्या २०१६ सालच्या अभ्यासात घर बदलल्यावरचे पहिले तीन महिने सवयी बदलायला सोपे जातात असं दिसलं. तुझे तीन आठवडे गेलेत.

शिफ्ट बदलती आहे, म्हणून सवय घड्याळाला बांधू नकोस. "सहाला चालेन" हे सेकंड शिफ्टच्या पहिल्याच आठवड्यात मोडतं. रोज होणाऱ्या कामाला बांध, आणि तेही नेमक्या क्षणाला. "चहानंतर" म्हटलंस की मधल्या फटीत फोन शिरतो. "चहाचा कप विसळला की बूट" असं ठरव. बूट ओट्यावरून दिसतील असे ठेव. सुरुवात दहाच मिनिटांची: गेटपासून पाच पुढे, पाच मागे. सेंट्रल पार्कच्या फेऱ्या नंतर. पावसाचंही आत्ताच ठरव: पाऊस असेल तर जिना, चार मजले दोनदा. ऐन वेळी ठरवायला गेलं की माणूस गादीच्या बाजूने निकाल देतो.

एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात, ते विसर. लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना घेऊन पाहिलं, तर सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं निघालं. कुणाला १८ पुरले, कुणाला अडीचशेच्या वर लागतील असा हिशेब आला. व्यायामाला खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा जास्तच. एखादा दिवस चुकला तर काही बिघडत नाही. त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट चालायला जाशील, तिथे बिघडतं.

चालणं न आठवता व्हायला लागलं की मगच रात्रीच्या जेवणाच्या ऑर्डरींकडे वळ. ॲप फोनमधून काढून टाक. परत उतरवायचा कंटाळा येईल, तो कंटाळाच उपयोगाचा. त्याच्या जागी मटकी: कामावर निघताना चप्पल घालायच्या आधी अर्धी वाटी भिजत घालायची, आल्यावर निथळून फडक्यात बांधायची. दुसऱ्या दिवशी उसळ. पाणी नीट निथळलं नाही तर चिकट होऊन वास येतो.

फडकं जुन्या धोतराचं काढून ठेवलंय, रविवारी घेऊन जा.

तुझी आई