मांजराला पोत्यात बांधून नेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केसांच्या जटा झालेलं मांजर पोत्यात बांधून, दुचाकीला लटकवून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेतात. हे थांबायलाच हवं. आपल्याकडच्या उन्हात पोत्यात त्याला उष्माघात होतो. तोंड उघडून धापा टाकू लागलं, तर जीव धोक्यात आहे असं समजा.

झाकणाची, हवा खेळणारी प्लास्टिकची टोपली घ्या. आठवडाभर आधीपासून ती घरात उघडी ठेवा आणि जेवण त्यातच द्या. न्यायच्या दिवशी आत त्याच्या वासाचं फडकं, वरून सुती दुपट्टा. अंधारात मांजर शांत राहतं. सकाळी लवकर निघा.

जटा घरी कात्रीनं कापू नका. मांजराची कातडी पातळ असते, जटेसोबत वर ओढली जाते आणि तीच कापली जाते. आंघोळही नको, भिजलेली जट आणखी घट्ट बसते. हे काम दवाखान्यातल्या केस कापायच्या मशीनचं. मांजर फारच भित्रं असेल तर डॉक्टरांना आधी भेटा. निघण्याच्या २-३ तास आधी द्यायचं, भीती कमी करणारं गॅबापेंटिनसारखं औषध ते वजन पाहून लिहून देतात. भूल द्यायची असेल तर किती तास उपाशी ठेवायचं, तेही विचारा. माणसाची गोळी मात्र कधीच देऊ नका. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनंही मांजर दगावतं.

– एक वाचक, जि. यवतमाळ