घर बांधणाऱ्या मित्रास

दापोली तालुका,
अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार

प्रिय सुहास,

पत्र पोचलं. सिन्नरच्या शेतात घर बांधायचं नक्की केलंत, वाचून बरं वाटलं. म्हणजे वहिनींचा होकार एकदाचा मिळाला तर! ‘तुझाच प्लॅन पाठव, आम्ही तसंच उभं करतो’ असं लिहिलं आहेस, तेवढं मात्र होणार नाही. तुमच्याकडे वर्षभरात पडतो त्याहून जास्त पाऊस आमच्याकडे एकट्या जुलैत पडतो. माझं घर तुझ्या शेतात काय कामाचं? त्यापेक्षा ते असं का झालं ते सांगतो. त्यातलं तुला लागू पडेल तेवढं घे.

जांभ्या दगडाचे चिरे येण्याआधी कागद आले. सातबाऱ्यावर आजोबांच्या पिढीपासूनची नावं. त्यातली निम्मी माणसं हयात नाहीत, उरलेली मुंबई, ठाणे, बडोदा अशी पांगलेली. वारस नोंदी, फेरफार, मग महसूल कायद्याच्या कलम 85 खाली वाटप, मग मोजणी. सह्या गणपतीत गोळा केल्या, कारण आमचे चाकरमानी एरवी फोन उचलत नाहीत, पण आरतीला सगळे हजर असतात. एक चुलतकाका तेवढे ‘शिमग्याला बघू’ म्हणत राहिले. आपल्याला आधी विचारलं नाही, एवढाच त्यांचा राग. बाबा स्वतः जाऊन त्यांच्या ओटीवर बसले, चहा झाला, सही झाली. आमची जागा गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत, त्यामुळे बिनशेतीचं प्रकरण हलकं गेलं. तुझं शेत गावापासून लांब आहे. वास्तुविशारदाला पैसे देण्याआधी तहसीलला जाऊन ये.

खरा वाद झाला तो जोत्यावरून, म्हणजे घराच्या चौथऱ्याच्या उंचीवरून. इथल्या पावसात जोतं उंच लागतं, नाहीतर अंगण वाहायला लागलं की पाणी आणि सरपटणारी मंडळी दोन्ही उंबऱ्यापर्यंत येतात. गवंड्याचं म्हणणं, गुडघ्याच्या वर घ्या. आणि बाबांचे गुडघे तर तुला माहीत आहेत. मुलगी म्हणाली, आजोबांना पायऱ्या नकोत. गवंडी म्हणाला, मग पाऊस आत घ्या. शेवटी उत्तर जमिनीतच होतं. आमची जागा उताराची आहे. खालून बघितलं तर जोतं चांगलं उंच दिसतं, पण मागच्या, डोंगराच्या बाजूला जमीन जवळपास जोत्याला येऊन मिळते. बाबांचा दरवाजा आम्ही त्या बाजूला काढला, एकही पायरी नाही. फक्त डोंगरावरचं सगळं पाणी त्याच दारावर धावून येणार, म्हणून भिंतीपासून सुटा, जांभ्याने बांधलेला रुंद चर काढला आणि त्याचं तोंड दोन्ही बाजूंनी पऱ्याकडे, म्हणजे आमच्या ओढ्याकडे वळवलं. चरावर आडवी फरशी, तिच्यावरून बाबा काठी टेकत जातात. यंदाच्या जुलैत चर तुडुंब वाहिला, दार कोरडं राहिलं. गवंडी आता हे डोकं आपलंच असल्याचं गावभर सांगतो, सांगू दे.

अजून एक: सपाट जागा मिळावी म्हणून उतार कापून पुढे भराव घालायचा मोह सगळ्यांना होतो. भरावावर अंगण करावं, भिंत उभी करू नये. आमचं घर सगळं कापलेल्या, घट्ट बाजूला आहे.

आता छप्पर. तू स्लॅबचं लिहिलं आहेस. आमच्या मामेभावानेही ‘स्लॅबच घाल, पुढे मजला चढवता येईल’ असा आग्रह धरला होता. मी त्याला गावातल्या स्लॅबच्या घरांवरून एक फेरी मारायला सांगितली: दर दुसऱ्या स्लॅबवर गळती थांबवायला वर पुन्हा पत्र्याची शेड चढवलेली! एका घरावर दोन छपरांचा खर्च. पत्रा स्वस्त खरा, पण 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या आणि मंडणगडच्या गावांतून पत्रे कागदासारखे उडाले. कौलंही गेली, पण ती थोडी नवी आणून माणूस सकाळी वर चढून बसवतो. म्हणून कौलं. लोखंडी पाइपचा सांगाडा, वर मंगलोरी कौलं, आढ्याची आणि पागोळीकडची ओळ सिमेंटमध्ये पक्की. आमच्या जुन्या पडक्या घराची कौलं उतरवली तेव्हा काहींच्या पाठीवर मंगळूरच्या कारखान्यांची नावं निघाली. तिथला पहिला कारखाना बासेल मिशनने 1865 मध्ये काढला होता. धड असलेली गोठ्यावर चढवली. कौलांना इथे एकच शत्रू आहे, वानर. त्यांच्यापायी गावातले कितीतरी लोक पत्र्यावर गेलेत. मी पन्नासेक कौलं जास्तीची घेऊन ठेवली आहेत आणि बाकी मारुतीरायाच्या भरवशावर सोडलंय.

नैर्ऋत्येकडून झड येते, म्हणून त्या अंगाला रुंद पडवी. उघडा जांभा देखणा दिसतो हे खरं, पण तो पाणी पितो. पडवीच्या आतली भिंत नुसत्या चिऱ्यांमधल्या दर्जा (सांधे) भरून उघडी ठेवली, उरलेल्या बाहेरच्या भिंतींना गिलावा केला. वास्तुविशारदाला चारही बाजूंनी चिरा दिसायला हवा होता. फोटोसाठी. त्याला म्हटलं, पावसाळ्यात येऊन राहा, मग बोलू.

लाकडाचं ऐक. घरचा फणस तोडून दारं करू असं वाटलं, पण साग, फणस, आंबा, ऐन, किंजळ ही सगळी झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. परवानगी लागते. शिवाय आईने त्या फणसाला हात लावू दिला नसता. जुन्या घराच्या तुळया कापून त्यांच्याच चौकटी केल्या. सुताराने त्याचे पैसे दुप्पट घेतले, कारण जुन्या खिळ्यांनी त्याची पाती मोडली.

तुला सगळ्यात उपयोगी पडेल ते पाणी. इथे साडेतीन हजार मिलिमीटर पडतो आणि मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो, कारण जांभ्यातून सगळं निथळून जातं. हिशोब सोपा आहे: एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमचं छप्पर साधारण 120 चौरस मीटरचं, म्हणजे वर्षाला चार लाख लिटरच्या वर. एवढं साठवायला कुठे जागा आहे, पण जमिनीखाली 30 हजार लिटरची टाकी केली, जास्तीचं पाणी विहिरीजवळच्या खड्ड्यात जिरवतो. तुझ्याकडे सहाशे मिलिमीटर धरलास तरी तेवढ्याच छपरावर 72 हजार लिटर होतात. शेततळ्याच्या नादात हे विसरू नकोस. आणि सांडपाण्याचा शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला कधीही घेऊ नकोस, कंत्राटदार कितीही म्हणू दे.

खोल्यांचं काय सांगू? ओटी, माजघर, तीन खोल्या, देवघर. आईला मागीलदारी चूल हवी होती, ती आहे. मुलीला मोबाइलची रेंज हवी होती, ती फक्त माळ्याच्या एका कोपऱ्यात येते, म्हणून तिथे तिचं टेबल. खर्च ठरवल्यापेक्षा वाढला, त्यातला बराचसा वाहतुकीत गेला. आमच्या पाखाडीने ट्रक येत नाही, चिरे डोक्यावरून आणावे लागले.

आता तुझ्या कामाचं. पाया खणायची घाई करू नकोस. एक पूर्ण पावसाळा जागेवर जाऊन बघ, पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, वारा कुठल्या अंगाने घुसतो. दिवाळीत या सगळे. येताना मोजणीचा नकाशा आण, प्लॅन आणू नकोस. वहिनींना सांग, चुलीवरच्या घावण्यांची जबाबदारी आईने घेतली आहे. आणि तुझ्या धाकट्याला वानरं बघायची असतील तर मुद्दाम घेऊन ये, कौलं मोजायला मला एक माणूस हवाच आहे.

तुझा,
अविनाश