हाल्ब द्राय म्हणजे साडेतीन नव्हे

संपादक साहेब, नमस्कार,

२०२४ ला आपल्या महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी माणसं पाठवायचा करार केला तेव्हापासून सोलापुरात जर्मन क्लासचे बोर्डच बोर्ड झालेत म्हणे, पेपरातही "सहा महिन्यांत बी टू (म्हणजे जर्मन भाषेच्या परीक्षेची एक पातळी), थेट जर्मनी" छापाच्या जाहिराती दिसतात, म्हणून हे लिहितोय.

मी तिकडे जर्मनीच्या सॅक्सनी राज्यात एका छोट्या गावच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, चार वर्षं होतील आता. बी टू झालं म्हणजे झालं असं नसतं हो, डॉक्टरला त्यापुढे मेडिकल भाषेची वेगळी परीक्षा असते, वीस मिनिटं पेशंटशी बोलायचं, वीस मिनिटांत रिपोर्ट लिहायचा, वीस मिनिटं सीनियरला केस सांगायची. ती मी पहिल्या फटक्यात काढली आणि पहिल्याच महिन्यात तोंडावर आपटलो.

नाइट होती. सत्तरीचे आजोबा, छातीत दुखतंय, कधीपासून विचारलं तर म्हणाले हाल्ब द्राय. हाल्ब म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन, आपल्या डोक्यात साडे पक्कं बसलेलं, लिहून टाकलं साडेतीन. नर्सबाईंनी कागद बघितला आणि शांतपणे म्हणाल्या, डॉक्टर, अ‍ॅम्ब्युलन्सने यांना आणलं तेव्हाच तीन वाजले होते. हाल्ब द्राय म्हणजे अडीच, तिसरा तास अर्धा झाला असा त्यांचा हिशोब! छातीत कधी दुखायला लागलं त्यावरून रक्ताचा रिपोर्ट कसा वाचायचा आणि पुन्हा कधी तपासायचं हे ठरतं, तिथे एका तासाची चूक म्हणजे गंमत नाही. आणि सॅक्सनीत तर अजून पुढे, फिर्टल आख्ट म्हणजे पाव आठ, म्हणजे आपले सव्वासात. द्रायफिर्टल आख्ट मात्र पावणेआठच, तेवढं एक आपल्याशी जुळतं. आकडेही जुळतात, पंचवीस म्हणताना त्यांचाही पाच आधी आणि वीस नंतर.

रोगांची लॅटिन नावं कॉलेजपासून पाठ असतात, त्यात काही अडत नाही, अडतं ते साध्या बोलण्यात. म्हातारे लोक येऊन सांगतात "मला पाठ आहे". आधी हसू यायचं, मग आठवलं की आपल्याकडे "मला शुगर आहे" म्हणतातच की. क्राइसलाउफ म्हणजे पुस्तकात रक्ताभिसरण, पण पेशंट म्हणतो तेव्हा चक्कर, घाम, अशक्तपणा, सगळं त्यात येतं, आपल्याकडे कसं प्रत्येक दुखण्याला गॅस झालाय म्हणतात तसं. हे कुठल्या क्लासात शिकवतात?

आमच्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ ला चीनला गेले, तिथेच चिनी शिकले, त्यांना कोणी सर्टिफिकेट मागितलं नव्हतं. आता मागतात ते बरोबरच आहे, फक्त क्लासवाल्यांनी पोरांना निदान घड्याळ तरी नीट शिकवावं आणि जाहिरातीत पुढच्या परीक्षेचंही छापावं.

ते आजोबा बरे झाले. घरी जायच्या दिवशी म्हणाले, मुलगा फिर्टल एल्फला न्यायला येतोय, आणि माझ्याकडे बघून मनगट पुढे केलं आणि काट्यावर बोट ठेवून सव्वादहा दाखवले.

— एक सोलापूरकर डॉक्टर, सध्या जर्मनी