पोराला लिव्हरचे फोटो दाखवून काय होणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा मुलाच्या कॉलेजात व्यसनमुक्तीवर व्याख्यान होतं, आम्हा पालकांनाही बोलावलेलं. तासभर लिव्हरचे फोटो, आणि मागच्या बाकांवर पोरं मोबाईलमध्ये. अहो, दारूने लिव्हर जातं हे गोव्यातल्या पोराला सांगायला लागतं का, प्रत्येक वाड्यावर एक तरी उदाहरण असतंच की. अमुक मुलगा का पितो हे सगळे विचारतात, पण तो बसलाय कुठे, कोणाबरोबर, पैसे कसे काढलेत हे कोणी बघत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये हुर्राकचा, म्हणजे काजूच्या बोंडांच्या दारूचा सीझन आणि परीक्षा संपायची वेळ एकच येते. सत्तरीत कोणाच्या तरी काजूच्या बागायतीत पिकनिक ठरते, डोक्यामागे तीनशे काढतात, मग जो नुसता लिंबू सोडा पितो त्याचेही तीनशेच. घरून निघताना त्याच्या मनात काहीच नसतं, पण तिथे ग्लासात मीठ-मिरची घालून फिरायला लागलं की पैसे तर दिलेत, मग एक घेऊया असं होतं. वर कोणीतरी म्हणतंच, 'घे रे, कितें जाता!' जबरदस्ती कोणी करत नाही हो, नको म्हणणाऱ्याला फक्त 'आजारी आहेस काय' असं विचारतात, तेवढं पुरतं.

आणखी एक गंमत म्हणजे प्रत्येकाला वाटतं बाकी सगळे मजेत पितात, आपणच तेवढे बावळट. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात प्रेंटिस आणि मिलर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना हेच विचारलं होतं, 1993 साली ते छापून आलं. मनातून अस्वस्थ असलेल्या मुलांनाही वाटत होतं की बाकीच्यांना काहीच वाटत नाही. आपल्या कॉलेजांनीही नाव न लिहिता चिठ्ठ्या घ्याव्यात, तू स्वतः किती घेतोस आणि तुझ्या मते वर्गातले किती घेतात, आणि आकडे फळ्यावर लिहावेत. लिव्हरच्या फोटोपेक्षा पोरं ते नीट बघतील.

कायद्याने गोव्यात 21 वर्षांखालच्याला दारू विकता येत नाही. एफवायचं पोर सतरा-अठराचं, पण काउंटरवर वय विचारलेलं मी तरी कधी बघितलं नाही. आणि आपणही काही कमी नाही, घरी पाहुणे आले की बर्फ आणि ग्लास आणायला त्याच पोराला हाक मारतो.

पार्टीत नको म्हणायला एकच कारण चालतं असं माझा मुलगा सांगतो, 'गाडी मी चालवतोय.' त्यावर कोणी हसत नाही की आग्रह करत नाही. त्यामुळे आता प्रत्येक पिकनिकला तो मुद्दाम गाडी मागतो आणि पेट्रोल मी घालतो.

– एक पालक, फोंडा